पालकाची जुडी धुतली. पण विष पानावर होतं की पानात?

थंडी पडली की बडोद्याच्या खंडेराव मार्केटात पालेभाज्यांचे ढीग लागतात. पालक, मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, ओला लसूण, अळूची मोठाली पानं. आणि याच दिवसांत आपल्या फोनवर दोन निरोप हमखास फिरायला लागतात. पहिला असा, की पालेभाजी घेऊ नका, सगळी कारखान्याच्या पाण्यावर पिकवलेली असते. दुसरा असा, की मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, सगळं विष निघून जातं. गंमत म्हणजे बऱ्याचदा दोन्ही निरोप एकाच आत्याकडून येतात. दोन्ही अर्धवट खरे आहेत, आणि कुठला अर्धा भाग खरा हे कळायला फार शिक्षण लागत नाही. एकच प्रश्न विचारायचा: हे रसायन पानाच्या वर बसलंय की पानाच्या आत शिरलंय?

वर बसलेलं धुतलं जातं, निदान बरंचसं. आत शिरलेलं तुम्ही मीठ घाला, व्हिनेगर घाला, नाहीतर नर्मदेच्या पाण्यात बुडवा, हलत नाही. पालेभाजीतल्या प्रदूषणाबद्दलचा जवळजवळ प्रत्येक वाद या एका फरकापाशी येऊन थांबतो.

मुळाच्या दारातून

आत शिरण्याचा मोठा रस्ता मुळांचा. झाडाला जमिनीतून लोह, जस्त, कॅल्शियम, फॉस्फेट, सल्फेट अशी पोषकद्रव्यं लागतात, आणि ती उचलायला मुळांच्या पेशींवर खास वाहक प्रथिनं असतात. हा पहारा आपल्या सोसायटीच्या वॉचमनसारखा आहे. तो चेहरा बघत नाही, कुरिअरवाल्याचा शर्ट बघतो आणि आत सोडतो. कॅडमियम हा धातू लोह आणि जस्ताच्या शर्टात येतो, म्हणून त्यांच्याच दारातून आत जातो. आर्सेनिकचं एक रूप फॉस्फेटच्या वाटेनं जातं. षट्‌संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं सगळ्यात घातक रूप, सल्फेटच्या वाटेनं. झाडाला यातल्या कशाचीच गरज नसते.

आत गेल्यावर मात्र प्रत्येकाचं वागणं वेगळं, आणि बातम्यांमध्ये नेमकी इथेच गल्लत होते. तिथे ‘जड धातू’ म्हणून सगळ्यांना एका पोत्यात भरतात. शिसं फारसं चालत नाही. ते मातीलाच घट्ट चिकटतं आणि मुळात शिरलं तरी बहुतेक तिथेच अडकतं. क्रोमियमही मुख्यतः मुळातच राहतं. कॅडमियम मात्र चालायला तयार असतं. पाण्याबरोबर ते खोडातून वर चढतं आणि पानात येऊन थांबतं.

पानातच का? पान हे झाडाचं पाणी बाहेर टाकण्याचं ठिकाण आहे म्हणून. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवरच्या बारीक छिद्रांतून वाफ होऊन उडून जातं. पाण्यात विरघळून आलेला धातू काही उडत नाही, तो मागे राहतो. पालकाचं पान वाढतं तसं हे साठत जातं. फळाची गोष्ट निराळी. दुधी, भेंडी, वांगं, घेवडा यांना मुख्यतः पानात तयार झालेला अन्नरस मिळतो, आणि त्या वाटेनं कॅडमियम कमी जातं. म्हणून एकाच शेतात, एकाच पाण्यावर पालक आणि भेंडी लावली तर पालकात कॅडमियम जास्त सापडतं आणि भेंडीत कमी. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी शेतकऱ्याच्या बाजूनं विचार करताना तो लागणार आहे.

यात मातीची भूमिका मोठी. माती आम्ल असेल तर कॅडमियम मोकळं होतं, अल्कधर्मी असेल तर बांधलं जातं. मध्य गुजरातची काळी आणि गोराडू (रेताड पोयट्याची) जमीन बहुतेक ठिकाणी उदासीन ते किंचित अल्कधर्मी आहे, म्हणजे तिचा सामू सातच्या आसपास किंवा त्याच्या वर. ही आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट. त्यातही काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर, त्यामुळे धातू धरून ठेवायची तिची ताकद जास्त.

पण हे सुख पुरतं टिकत नाही, कारण आर्सेनिक आणि षट्‌संयुजी क्रोमियम यांचं गणित उलटं आहे. अल्कधर्मी मातीत ते जास्त मोकळे फिरतात. आणि दुसरं म्हणजे मीठ. कारखान्यांचं सांडपाणी बऱ्याचदा खारट असतं. त्यातलं क्लोराइड कॅडमियमशी जोडी जमवतं आणि मातीनं धरलेलं कॅडमियम परत सुटून मुळांकडे जायला लागतं. म्हणजे पाण्यात कॅडमियम थोडंसंच असलं, पण मीठ भरपूर असलं, तरी पानात जाणारं प्रमाण वाढू शकतं. पाण्याच्या तपासणीत फक्त धातूंचे आकडे बघून ‘मर्यादेत आहे’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट निसटते.

बडोद्याचा नकाशा

बडोद्याच्या उत्तरेला आणि वायव्येला कारखान्यांची पट्टीच आहे. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे. तिच्या आसपास खतं आणि पेट्रोकेमिकल्स वाढली, नंदेसरीला रसायनांची औद्योगिक वसाहत झाली. या सगळ्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी समुद्राकडे न्यायला १९८३ मध्ये एक वाहिनी सुरू झाली. सुमारे ५५ किलोमीटर लांबीची ही वाहिनी पादरा तालुक्यातून जाते आणि जंबुसर तालुक्यातल्या सारोदपाशी महीच्या खाडीत रिकामी होते.

आता पादरा म्हणजे बडोद्याचं भाजीचं कोठार. आणि कारखान्यांच्या पाण्याची वाट त्याच तालुक्यातून जाते. वाहिनीच्या काठच्या काही गावांतून तेच पाणी शेतीला घेतलं जातं अशा तक्रारी आणि बातम्या वर्षानुवर्षं येत आल्या आहेत. काही गावांत बोअरला रंगीत पाणी लागतं अशाही. उन्हाळ्यात विहीर आटली, समोरून पाणी वाहतंय आणि वाफ्यात उभं पीक सुकतंय, तर शेतकरी इंजिन लावणारच. त्याला नावं ठेवणं सोपं आहे. माझ्या मते खरा प्रश्न असा, की हे पाणी इतकं स्वच्छ का नव्हतं की इंजिन लावल्यानं काही बिघडलंच नसतं.

शहराच्या दुसऱ्या अंगाला विश्वामित्री. पावागडच्या डोंगरात उगम, गावातून मगरींसकट वळणं घेत खाली ढाढर नदीला मिळते. वाटेत शहराचं सांडपाणी तिच्यात येतं. या पाण्यात नत्र आणि फॉस्फरस भरपूर, म्हणून त्यावरची भाजी दिसायला फार देखणी असते. पान मोठं, गर्द हिरवं, लुसलुशीत. त्यामुळे ‘पानं टवटवीत म्हणजे भाजी चांगली’ हा आपला बाजारातला निकष इथे काहीच सांगत नाही. कॅडमियमला रंग नसतो, वास नसतो, चव नसते, आणि माणसाला त्रास होईल इतकं कॅडमियम पानात असलं तरी पालकाला स्वतःला त्याचं काही वाटलेलं नसतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात घुसलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. असा पूर ओसरताना नदीच्या तळाचा गाळ काठच्या शेतांवर पसरून जातो. धातू पाण्यापेक्षा गाळात जास्त असतात. पुरानंतर जमीन सुपीक होते हे आजोबांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या काळचा गाळ वेगळा होता इतकंच.

झाडाचं पान: फुकटचा तपासनीस

भाजी सोडून जरा रस्त्याकडे येऊ. अकोट्याच्या पुलाजवळचं किंवा हायवेलगतचं कुठलंही वडाचं झाड घ्या, आणि एक कमाटी बागेतलं, आतल्या बाजूचं. दोन्हींची साधारण एकाच वयाची, एकाच उंचीवरची पानं तोडा. ओल्या पांढऱ्या कापसानं वरची बाजू एकदाच पुसा. हायवेच्या पानाचा बोळा करडा होत नाही, काळा होतो, आणि बोटांत चोळला तर किंचित तेलकट लागतो. बागेतल्या पानाचा मातकट होतो. ही प्रयोगशाळा नव्हे, पण दिसतं ते खरं आहे. मातकट म्हणजे बहुतांशी जमिनीची धूळ. काळं आणि तेलकट म्हणजे त्यात काजळी मिसळलेली.

पान ही धूळ नुसती झेलत नाही, सांभाळूनही ठेवतं. पानाच्या पृष्ठभागावर मेणाचा पातळ थर असतो. अर्धवट जळलेल्या डिझेल-लाकडातून आणि कचरा जाळल्यानं निघणारी बहुचक्री सुगंधी हायड्रोकार्बनं मेणात-तेलात सहज मुरतात, पाण्यात नाही. रसायनशास्त्रातल्या या ‘सुगंधी’ शब्दाचा वासाशी संबंध जोडू नका. यांतली काही कर्करोगकारक आहेत. ती मेणात मुरली की पाऊसही त्यांना पूर्णपणे धुऊ शकत नाही. म्हणून सदाहरित झाडाचं जुनं पान हवेची कित्येक महिन्यांची नोंद असते. यंत्र ठेवायला वीज लागते, राखण लागते, आणि यंत्र चोरीला जातं. वडाला कोणी चोरत नाही, अजून तरी.

संशोधक याचा वापर करतात तो असा. एकाच झाडाच्या पानांचे दोन वाटे करायचे. एक वाटा नीट धुवायचा, दुसरा तसाच ठेवायचा. दोन्ही वाळवून, आम्लात विरघळवून त्यातले धातू मोजायचे. न धुतलेल्यातून धुतलेलं वजा केलं की पानावर काय होतं ते कळतं. धुतल्यावरही उरलं ते मुख्यतः पानात होतं. आणखी एक खुबी आहे. टायटेनियम मातीत भरपूर असतं, पण झाड ते जवळजवळ उचलतच नाही. मग पानाच्या नमुन्यात टायटेनियम जास्त आलं तर ती चिकटलेली माती समजायची. पालकात शिसं सापडलं अशी बातमी आली की मला आधी विचारावंसं वाटतं, नमुना कसा धुतला होता? कारण शिसं मुळातून वर फार चढत नाही. पालेभाजीत सापडणाऱ्या शिशाचा मोठा वाटा बहुतेक वेळा पानावरची धूळ-मातीच असते. पालक जमिनीलगत वाढतो, पावसाच्या आणि पाटाच्या पाण्याबरोबर माती उडून त्याच्या सुरकुत्यांत जाऊन बसते. ही वाईट बातमी वाटते, पण शिशाच्या बाबतीत ती चांगली आहे. धुतल्यानं फरक पडतो.

शिसं आलं कुठून? पेट्रोलमधलं शिसं भारतात २००० साली बंद झालं. पण शिसं कुजत नाही, विरत नाही. रस्त्याकडेच्या मातीत तेव्हा पडलेलं आजही तिथेच आहे. आज गाड्यांमधून दुसरे धातू येतात: ब्रेकच्या घर्षणातून तांबं आणि अँटिमनी, टायरच्या भुग्यातून जस्त.

गच्चीवर भाजी लावणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच. घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या अखेरीपासून लागू झाला. त्याआधीचे, विशेषतः पिवळे-केशरी-हिरवे तैलरंग शिशानं भरलेले असत. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्या-दारांचे पोपडे जिथे गळतात, त्या कोपऱ्यातली माती कुंड्यांत भरू नका. ‘घरची, विषमुक्त’ मेथी अशा मातीत लावणं म्हणजे बाजारातल्या मेथीपेक्षा वाईट सौदा होऊ शकतो.

झाडांचं बोलतोच आहोत तर, कुठलं झाड प्रदूषण सोसू शकतं हे ठरवायला एक निर्देशांक आहे. पानातलं क जीवनसत्त्व, हरितद्रव्य, पेशीरसाचा सामू आणि पाण्याचं प्रमाण असे चार आकडे एका सूत्रात घालतात. १९८३ मध्ये सिंग आणि राव या संशोधकांनी ते मांडलं आणि आजही भारतभर विद्यार्थी त्यावर प्रबंध लिहितात. निर्देशांक जास्त असलेली झाडं कारखान्यांभोवतीच्या हरितपट्ट्यात लावावीत, कमी असलेली झाडं सूचक म्हणून बघावीत. धूळ पकडायला खरखरीत, लव असलेलं, रुंद पान चांगलं. गुळगुळीत, टोकदार पानावरून ती घसरते.

युरियाची हिरवाई

पालेभाजीत सगळ्यात मोठ्या प्रमाणात असणाऱ्या रसायनाबद्दल कोणी फॉरवर्ड पाठवत नाही. नायट्रेट. कॅडमियम किलोमागे मिलिग्रॅमच्या दशांशात असतं, नायट्रेट हजारो मिलिग्रॅममध्ये असू शकतं. युरोपीय संघानं ताज्या पालकासाठी घातलेली मर्यादाच किलोमागे ३५०० मिलिग्रॅम आहे. पान नायट्रेट घेतं आणि सूर्यप्रकाशाच्या जोरावर त्याची प्रथिनं बनवतं. युरिया बदाबदा घातला आणि ऊन कमी पडलं, म्हणजे ढगाळ हवा किंवा दाट लागवड, तर नायट्रेट न वापरता पानात पडून राहतं.

धडधाकट मोठ्या माणसाला याची फारशी चिंता करायचं कारण नाही. तान्ह्या बाळाला आहे. नायट्रेटचं नायट्राइट झालं की ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहायची ताकद कमी करतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते झेपत नाही. शिजवलेली पालेभाजी बाहेर तशीच राहिली तर जिवाणू हे काम करतात. म्हणून बाळाच्या वरच्या खाण्यात पालकाची पेज सकाळी करून संध्याकाळी पुन्हा गरम करून देऊ नये, ही आजीची शिस्त रसायनशास्त्रालाही मान्य आहे. नायट्रेट पाण्यात विरघळतं, त्यामुळे पालक उकळून पाणी फेकलं तर बरंच कमी होतं. अर्थात क जीवनसत्त्व आणि फोलेटही त्याच पाण्याबरोबर जातात.

फवारणी

कीडनाशकांत पुन्हा तोच आत-बाहेरचा फरक. काही औषधं स्पर्शजन्य असतात, पानावर बसतात आणि किडा चालला की काम करतात. काही आंतरप्रवाही असतात, ती पानात शोषली जाऊन रसात फिरतात. पहिल्या प्रकारचा बराचसा अंश धुण्यानं जातो, दुसऱ्याचा जात नाही. त्याला वेळच द्यावा लागतो. म्हणून औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. गोम इथे आहे. कपाशीत पंधरा दिवस थांबणं काहीच नाही. मेथी महिनाभरात बाजारात जाते. तिसऱ्या आठवड्यात अळी पडली तर शेतकऱ्यानं थांबायचं कधी आणि काढायचं कधी? मोनोक्रोटोफॉस हे अत्यंत विषारी औषध भाज्यांवर वापरायला आपल्याकडे २००५ पासून बंदी आहे, पण कपाशीसाठी पूर्वी आणलेली बाटली शेतातल्या खोपटात असू शकते, आणि भाजीचा वाफा चार पावलांवर असतो.

कढीपत्ता हा यातला वेगळा नमुना. आपण त्याला भाजीत धरतच नाही, फोडणीत चार पानं टाकतो. पण भारतातून जाणाऱ्या कढीपत्त्यावर कीडनाशकांच्या अंशांसाठी युरोपीय संघानं खास वाढीव तपासणी लावली होती. झुडूप वर्षानुवर्षं उभं, पानं सतत तोडली जातात, आणि कीड पडली की फवारणी. अंगणात एखादं झाड असेल तर ते जपा.

बेकिंग सोड्याबद्दल बरंच बोललं जातं, त्यामागे खरा अभ्यास आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर दोन कीडनाशकं लावून पाहिली. सोड्याच्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरचा अंश निघाला. पण जो भाग सालीत मुरला होता, तो राहिला. आत आणि बाहेर.

किती म्हणजे जास्त?

हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा भाग. पालेभाजीसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि शिशाची ०.३. हे ताज्या भाजीच्या वजनावर. शोधनिबंधात मात्र आकडे बहुतेक वेळा वाळलेल्या पानाच्या वजनावर असतात. पालकात सुमारे ९१ टक्के पाणी असतं. म्हणजे शंभर ग्रॅम पालक वाळवला तर नऊच ग्रॅम उरतो आणि तोच धातू त्या नऊ ग्रॅममध्ये येतो. एखाद्या निबंधात ‘१.५ मिलिग्रॅम’ असेल तर ताज्या भाजीचा आकडा ०.१४ च्या आसपास येतो, म्हणजे मर्यादेच्या आत. पण बातमी काय लागते? ‘मर्यादेपेक्षा सातपट विष.’ अशी बातमी दिसली की आधी ‘वाळलेलं की ताजं’ शोधा. ते लिहिलंच नसेल तर बातमी बाजूला ठेवा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे शेवग्याच्या पानांची पूड. पान वाळवून पूड केली की जीवनसत्त्वांबरोबर धातूही तितकाच एकवटतो. शेवगा उत्तम आहे, पण कुठल्या जमिनीवरचा हे विचारल्याशिवाय रोज चमचाभर पूड घ्यायची माझी तयारी नाही.

आता हिशोब करू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २०१० मध्ये कॅडमियमसाठी सोसवेल अशी मात्रा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग). साठ किलोच्या माणसाला महिन्याला १५००, म्हणजे रोजचे ५०. अगदी मर्यादेवर असलेला पालक एका वेळी शंभर ग्रॅम खाल्ला तर २० मायक्रोग्रॅम जातात. पालक मर्यादेच्या तिप्पट दूषित असेल तर ६०. आठवड्यातून दोनदा खाल्ला तर महिन्याचे पाचशेच्या आसपास, म्हणजे कोट्याचा तिसरा हिस्सा. उरलेल्यात भात आणि पोळी यायची, कारण धान्यातही थोडं कॅडमियम असतंच. तोच पालक रोज खाल्ला तर महिन्याचे १८००, आणि कोटा एकट्या पालकानंच ओलांडला. पंधरा किलोच्या पोराचा रोजचा कोटा फक्त साडेबारा मायक्रोग्रॅम. मर्यादेवरचा पन्नास ग्रॅम पालकच त्यातले दहा घेऊन टाकतो.

हिशोब महिन्याचा ठेवलाय याला कारण आहे. कॅडमियम मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षं ठाण मांडतं. एका दिवसाच्या भाजीनं काही होत नाही, आणि एका दिवसाच्या उपासानं ते जातही नाही. जपानच्या तोयामा भागात खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत गेलं आणि माणसांची हाडं इतकी ठिसूळ झाली की दुखण्याचं नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ पडलं. १९६८ मध्ये सरकारनं ते प्रदूषणाचं दुखणं म्हणून मान्य केलं. त्यात बायका जास्त होत्या. शरीरात लोह कमी असेल तर आतडं लोहासाठी हपापलेलं असतं आणि त्याच दारानं कॅडमियम जास्त आत घेतं. आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं ते सांगायला नको. म्हणजे लोह मिळावं म्हणून जी पालक खाते, तिलाच पालकातल्या कॅडमियमचा धोका जास्त. यावर उपाय पालक सोडणं हा नाही; लोह वेळेवर भरून काढणं हा आहे.

शिशासाठी त्याच समितीनं त्याच बैठकीत आधीची मर्यादा मागे घेतली, कारण निर्धोक म्हणावी अशी मात्राच सापडेना. मुलांच्या बाबतीत तर नाहीच.

आणि महीपलीकडच्या चरोतरात पिकणारं एक पान यात राहून जायला नको: तंबाखू. हे झाड कॅडमियम पानात साठवण्यात पटाईत आहे. विडी-सिगरेट ओढणाऱ्याच्या शरीरात कॅडमियम न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट असतं. मेथी नदीकाठची आहे का असं भाजीवाल्याला दरडावून विचारणारे काका सिगरेट शिलगावून घरी जाताना पाहिले, की हसू येतं.

घरात, आणि शेतात

धुण्याची एक पद्धत नीट पाळली तर मीठ-व्हिनेगरची गरज नाही. जुडीची मुळं आणि मातीची टोकं आधी कापून टाका. पानं सुटी करून मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात सोडा, हातानं हलवा, दोन मिनिटं थांबा. माती तळाला बसते. मग पानं वरून हातानं उचलून दुसऱ्या पाण्यात टाका. बरेच जण पातेलं चाळणीवर उपडं करतात. त्यानं तळाची माती परत पानांवर येते. पाणी तळाशी स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचं. चिरण्याच्या आधी, नंतर नाही.

आत शिरलेल्यावर घरात एकच चालतं: एकाच शेताची, एकाच प्रकारची भाजी रोज न खाणं. पालक, मग दुधी, मग घेवडा, मग मेथी. भाजीवाल्या बेनला गाव विचारायला हरकत नाही, ‘क्यांनी छे?’ इतकंच. ती बहुधा सांगते, कारण तिच्या घरीही तीच भाजी शिजते. शंका असेल तर चार घरांनी वर्गणी काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना द्यावा, आणि अहवाल ताज्या वजनावर मागावा. एक नमुना एका शेताचं, एका दिवसाचं सांगतो, शहराचं नाही.

शेतात मात्र करण्यासारखं पुष्कळ आहे. कुजलेलं शेणखत-कंपोस्ट मातीत धातू बांधून ठेवतं. जमिनीत जस्त कमी असेल तर ते दिल्यानं मुळांच्या दारात कॅडमियमला स्पर्धक मिळतो. आम्ल जमिनीत चुना उपयोगी पडतो, आपल्या बहुतेक जमिनींना त्याची गरज नाही. सगळ्यात परिणामकारक उपाय पीक बदलण्याचा: वाहिनीकाठच्या, नदीकाठच्या शंकेच्या जमिनीवर पालक-मेथीऐवजी भेंडी, दुधी, घेवडा, किंवा सरळ फुलं आणि कपाशी. पण कपाशीचे पैसे हातात यायला सहा महिने लागतात आणि पालक महिनाभरात रोख देतो, कापला तर पुन्हा फुटतो. दोन बिघ्यांच्या माणसाला हे पाच महिने कोणी भरून देणार असेल तरच तो पालक सोडेल. ते पैसे पाणी सोडणाऱ्यानं द्यावेत, कारण प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई द्यायची हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच मान्य केलं आहे.